डब्यात न मावणारं

गेली कितीतरी वर्षं एक निरोप मधूनमधून फिरत असतो. आज रात्री साडेबारा ते साडेतीन पृथ्वीजवळून वैश्विक किरण जाणार आहेत, मोबाईल बंद करून अंगापासून लांब ठेवा, सगळ्यांना कळवा. हा निरोप इतक्यांदा आलाय की ते किरण मला आता आपल्या कर्जत लोकलच्या पासवाल्यांसारखे वाटतात. वेळ ठरलेली, जागा ठरलेली. मी वाचते आणि पुसून टाकते.

पण मध्यंतरी या निरोपाला नवं शेपूट फुटलं. सूर्यावर वादळ झालंय, किंवा कुठेतरी युद्धात आकाशात बाँब फोडणार आहेत, त्याने विद्युतचुंबकीय झटका बसून घरातली सगळी उपकरणं जळतील. तरी ती ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवा. शेजारची सून हातात पोळ्या गुंडाळायच्या कागदाची गुंडाळी घेऊनच आली. "काकू, हा चालेल का?"

आता मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. विज्ञानाचे सर नसले की पाचवी ते सातवीचं विज्ञानही माझ्याच गळ्यात पडायचं, त्यामुळे लोहचुंबक आणि लोखंडाचा कीस यांच्याशी माझी बरी ओळख. भिवपुरीत निवृत्त बाई म्हणजे चालताबोलता ज्ञानकोश असा लोकांचा समज आहे, आणि तो मोडवत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर नीट शोधण्याला माझं स्वतःचंही कारण होतं. आमच्या घरात एक यंत्र आहे, जे हवेतला प्राणवायू वेगळा करून ह्यांना देतं. दिवसाचे पंधरा-सोळा तास ते चालू असतं. बाकी टीव्ही, फ्रिज जळले तर जळले. त्या यंत्राचं तसं नाही.

तर आधी डबा. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा घेतला, आत पुठ्ठा लावला आणि बॅटरीवरचा छोटा ट्रान्झिस्टर एफएम लावून आत ठेवला. झाकण लावलं की गाणं जाऊन नुसती खरखर. हे झाले मायकेल फॅरडेसाहेब. १८३६ साली त्यांनी एक खोलीच्या खोली धातूच्या पत्र्याने मढवली, बाहेरून विजेच्या ठिणग्या सोडल्या आणि आत काही पोचत नाही हे दाखवलं. धातूत वीज इकडून तिकडे धावते आणि बाहेरचा मारा बाहेरच निस्तरते. त्यासाठी डब्याला जमिनीशी जोडणारी तारही लागत नाही.

मग इअरफोनची वायर झाकणातून बाहेर काढली. गाणं परत आलं! ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डबा कितीही चांगला असो, एक वायर बाहेर राहिली की तीच आतल्या वस्तूपर्यंतची वाट होते.

नंतर डब्यात मोबाईल ठेवून दुसऱ्या फोनवरून रिंग दिली. वाजला. मोबाईलच्या लहरी एफएमपेक्षा आखूड, झाकणाच्या फटीतून सहज शिरतात. झाकणाच्या कडेला रंग असतो, त्यामुळे पत्र्याला पत्रा खरा टेकतच नाही. कडा पॉलिश पेपरने घासल्या, फटीवरून ॲल्युमिनियमचा कागद शिवणीसारखी दुहेरी घडी घालून दाबून बसवला, तेव्हा कुठे तो गप्प झाला. स्टीलच्या डब्यात, ज्यात आपण शेव ठेवतो, त्यातही वाजतच होता. म्हणजे मुंग्या अडवणारा डबा लहरी अडवेलच असं नाही.

आणि रेडिओ गप्प झाला म्हणजे बाँबच्या झटक्यालाही डबा पुरेल, हेही सिद्ध होत नाही. खऱ्या झटक्यासाठी जाणकार जो आकडा धरतात तो मीटरला ५०,००० व्होल्टचा, आणि तोसुद्धा सेकंदाच्या अब्जांश भागांत उसळणारा. गोष्ट कपोलकल्पित मात्र नाही. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुबाँब फोडून पाहिला, तेव्हा १४०० किलोमीटर लांब हवाई बेटावरचे सुमारे ३०० रस्त्यावरचे दिवे गेले. तो काळ व्हॉल्व्हच्या रेडिओंचा होता. आजच्या नाजूक चिपांचं काय होईल याचा अंदाज त्यावरून करावा.

सूर्याच्या वादळाचं प्रकरण मात्र पार वेगळं आहे आणि निरोप पाठवणारे दोन्ही एकाच डब्यात कोंबतात. वर्गात मी मुलांना एक प्रयोग दाखवायचे. ॲल्युमिनियमच्या डब्यात होकायंत्र ठेवायचं आणि बाहेरून लोहचुंबक फिरवायचं. आतली सुई खुशाल फिरते. डबा मध्ये आहे हे तिच्या गावीही नसतं! सूर्याच्या वादळाने पृथ्वीचं चुंबकत्व असंच हळूहळू, मिनिटामिनिटांनी हलतं. त्याला पोळीचा कागद म्हणजे मलमल. पण त्याने कपाटातल्या मोबाईलचं काही बिघडतही नाही. बिघडतं ते शेकडो किलोमीटर लांब तारांचं, कारण त्यांच्यात नको असलेला प्रवाह वाहू लागतो आणि तो वीजकेंद्रांतल्या मोठमोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातला क्वेबेक प्रांत असाच अंधारात गेला, ६० लाख लोक, सुमारे नऊ तास.

आणि या विषयातलं एक जुनं, मोठं पान आपल्या मुंबईत आणि आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे, हे किती जणांना माहीत असेल? मला साठी उलटल्यावर कळलं. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला सूर्यावरून जे प्रचंड वादळ आलं (कॅरिंग्टन नावाच्या इंग्रज निरीक्षकाने सूर्यावरची लखलख डोळ्यांनी पाहिली म्हणून त्याच्या नावाने ओळखलं जातं), त्यात कुलाब्याची सुई सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरली. मुंबईतलं आडवं चुंबकीय बल साधारण ३७-३८ हजारांचं, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपासची घसरण. तिकडे अमेरिकेत तारवाल्यांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या आकाशातून आलेल्या प्रवाहावर बॉस्टन ते पोर्टलंड निरोप धाडले. इकडे कुलाब्यात माणसं समोर बसून आकडे लिहीत होती. त्या वह्या जपल्या गेल्या म्हणून २००३ साली शास्त्रज्ञांना त्या वादळाचा जोर मोजता आला. कोण बरं ते लिहिणारे? हस्ताक्षर नक्की चांगलं असणार.

पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असं ठरलं. तिच्या प्रवाहाने सुया नाचल्या असत्या. आता आपल्यासारखा कोणी म्हणेल, सुईला लोखंडाच्या पेटीत ठेवा. पण पेटीत ठेवली की बाहेरचं चुंबकत्वही तिला नीट कळणार नाही, मग ती मोजणार काय? तिचं काम उघडं राहण्याचंच. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी दुसरी वाट काढली. वेधशाळाच उचलून समुद्रापलीकडे अलिबागला नेली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप करून आकडे ताडून पाहिले, म्हणजे जुन्या नोंदींशी धागा तुटायला नको. इमारतीला चुंबकाला न खेचणारा पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड टाळलं. १९०७ ला मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, १९६४ ला बंदही पडली. अलिबागची वेधशाळा अजून काम करते आहे. एकेकाळी आमच्या शाळेची सहल अलिबागला जायची ती किल्ला आणि समुद्र पाहून परत. असो.

मे २०२४ मध्ये मोठं वादळ आलं, २००३ नंतरचं सगळ्यात जोरदार. लडाखमधल्या हान्लेच्या आकाशात तांबूस प्रकाश दिसला. भिवपुरीत काय झालं? काही नाही. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ, त्यामुळे तारांमध्ये शिरणारा प्रवाह कॅनडाच्या मानाने कमी. शिवाय असं वादळ सूर्यावरून इथवर यायला बहुधा एक ते तीन दिवस लागतात, आणि पंधरा लाख किलोमीटरवर आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४ पासून सूर्यावर नजर ठेवून आहे. तेव्हा मध्यरात्री मोबाईल झाकायचं काही कारण नाही.

मग भिवपुरीत जळतं ते कशाने? विजेने. खऱ्या, आकाशातल्या. मेअखेरचे वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस डोंगरावर आदळतो तेव्हा एकेक कडाडणं असं असतं की भांडी वाजतात. इथलं टाटांचं वीजघर १९२२ चं, वर मावळात साठवलेलं पाणी नळांतून खाली येतं आणि मुंबईला दिवे लागतात. आमच्याकडे ढग गडगडले की दिवे जातात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मागे एकदा परतीच्या पावसात समोरच्या माळावर वीज पडली. घरावर नाही, माळावर. तरी सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटचं खोकं आणि पंख्याचा रेग्युलेटर गेला. ती वायरीतून आली. पहिला गडगडाट ऐकूनच मी ह्यांच्या यंत्राचा प्लग काढून त्यांना सिलिंडरवर घेतलं होतं, म्हणून ते वाचलं. तेव्हापासून माझ्या मनात तो इअरफोनचा प्रयोग घोळतोय. ह्यांचं यंत्र डब्यात ठेवता येत नाही. ते चालायचं तर त्याची वायर भिंतीत हवी, नळी ह्यांच्या नाकाशी हवी आणि आजूबाजूची हवा त्याला ओढता आली पाहिजे. कुलाब्याच्या सुईसारखंच, त्याचं काम उघडं राहण्याचं. आणि ह्यांना उचलून अलिबागला कुठे नेऊ?

हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मला गुंडाळ की त्या कागदात. नळी तेवढी बाहेर ठेव."

"अहो, बोलू नका जास्त, दम लागेल," म्हटलं. पण हसले दोघेही, आणि मग त्यांना खोकल्याची उबळ आली ती पाच मिनिटं थांबेना.

डबा झोपलेल्या वस्तूंचा. जादा टॉर्च, छोटा रेडिओ, जुना मोबाईल आणि ह्यांचे सगळे रिपोर्ट भरलेला पेनड्राइव्ह, एवढं मी त्यात ठेवलंय. जागं राहून काम करणाऱ्याची व्यवस्था वेगळी करावी लागते. त्यासाठी वायरमनला बोलावलं. माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा होता, पण हात सोन्याचे. त्याने सांगितलं ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे. एमसीबी जादा भार आला की पडते, विजेच्या कडाडण्याला ती फार सावकाश. स्टॅबिलायझर दाब कमीजास्त झाला तर सांभाळतो, विजेचा लोळ नाही. आपण स्पाइक गार्ड म्हणून जी पट्टी आणतो तिच्या आत एक चकतीसारखा छोटा भाग असतो, तो प्रत्येक झटक्याने थोडा थोडा झिजतो आणि एक दिवस नुसती प्लगांची पट्टी उरते. खरा उपाय म्हणजे मीटरनंतरच्या मुख्य पेटीत सर्ज प्रोटेक्टर बसवायचा. "पण बाई, अर्थिंग धड नसेल तर तो झटका टाकणार कुठे?" हा त्याचा प्रश्न मला फार आवडला. वर्गात कधी असा प्रश्न विचारला नव्हता त्याने!

आमचा अर्थिंगचा खड्डा परसात, मीठ आणि कोळसा भरलेला. खाली काळा कातळ, उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा. त्याने अर्थ टेस्टर लावला आणि मान हलवली. पाच ओहमच्या आत हवं, इथे त्याच्या कितीतरी पट होतं. नवा पाइप घातला, खड्डा रुंद केला, मीठ-कोळसा नवा. मोरीचं पाणी तिकडे वळवलं. आता उन्हाळ्यात रोज एक बादली मी स्वतः ओतते, तुळशीला घालून झालं की.

आणि तरीही गडगडलं की प्लग काढायचाच, हे त्याने दोनदा बजावलं. घराजवळ पडलेली वीज काही या खटाटोपाला मोजत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं दामिनी नावाचं ॲप आहे, आसपास वीज पडत असेल तर सांगतं. ते मी मोबाईलवर घेतलंय, आणि म्हणूनच मोबाईल डब्यात ठेवत नाही.

शेजारच्या सुनेला म्हटलं, "तो कागद पोळ्यांनाच ठेव, आणि आधी तुमचं अर्थिंग तपासून घे." ती जरा हिरमुसली. पण दुसऱ्याच रविवारी तिच्या सासऱ्यांनी वायरमनचा नंबर मागून नेला.

आमच्याकडे दीड हजार लिटरचं सिलिंडर आहे. मिनिटाला दोन लिटरने ते साधारण बारा तास पुरतं, मी वहीत गुणाकार करून पाहिला आहे. इन्व्हर्टर त्याआधीचे दोन-अडीच तास ओढतो. म्हणजे एक रात्र आणि वर थोडी सकाळ. त्याच्या पुढे वीज आली नाही तर गाडी करून कर्जतला दवाखान्यात जायचं, रिक्षावाल्याशी बोलून ठेवलंय. कालनिर्णयवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी, 'काटा पाहणे' असं लिहिलंय. सिलिंडरचा पाना सुतळीने सिलिंडरलाच बांधून टाकला आहे, कारण अंधारात तो ह्या घरात कधीही सापडत नाही.