नव्वद दिवसांची माणसं

निशिकासाईत संसार मांडलेल्या आमच्या पिढीला एखादी गोष्ट कोणत्या साली झाली ते चटकन सांगता येत नाही. "तुमच्या आई आल्या होत्या ना, त्या उन्हाळ्यात," असं म्हणत मागे जावं लागतं. मोठा फ्रिज आला तो बाबा येणार होते म्हणून. लेकीचं पहिलं पाऊल पडलं तेव्हा घरात सासूबाई होत्या. भेटीला येणाऱ्या आईवडिलांना जपानचा व्हिसा साधारणपणे 90 दिवसांचा मिळायचा. कधी माहेरचे नव्वद, कधी सासरचे. मधल्या महिन्यांत आम्ही नोकऱ्या केल्या, गाड्या पकडल्या, कचरा वेगळा केला. आठवणीत मात्र भरून राहिले आहेत ते हे नव्वद-नव्वद दिवसच.

टोकियोच्या पूर्व कडेला, एदोगावा वॉर्डातलं हे उपनगर आपल्या लोकांनी का निवडलं, याचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. 2000 सालाच्या आगेमागे संगणकांतल्या 'वायटूके' अडचणीच्या कामासाठी भारतातून इंजिनियर येऊ लागले. बँका आणि मोठ्या कंपन्या ओतेमाची, निहोनबाशी, कायाबाचो या भागात. तिथून तोझाई लाइनने थेट निशिकासाई. दुसरं कारण घराचं. खाजगी घरमालकाला परदेशी भाडेकरू म्हटलं की शंका यायची. घर मिळालंच तर हमीदार आणा, शिवाय परत न मिळणारी 'रेइकिन' भरा. 'यूआर'च्या सार्वजनिक वसाहतींत हमीदारही लागत नसे आणि रेइकिनही नसे. त्यामुळे या वसाहतींच्या जिन्यांतून हळूहळू फोडणीचे वास यायला लागले. आज एदोगावात पाच हजारांहून जास्त भारतीय राहतात. 2019 मध्ये वॉर्डाच्या सभागृहात मूळचे अंबरनाथचे योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेव्हा अंबरनाथ ते एदोगावा हा प्रवास आम्हाला आमचाच वाटला होता.

आईवडिलांना बोलवायचं म्हणजे आधी कागदांचा डोंगर. बोलावण्याचं कारण सांगणारं पत्र, हमीपत्र, वॉर्ड ऑफिसातला राहण्याचा दाखला, कराचा दाखला, रोज काय करणार त्याचं वेळापत्रक. माझे सासरे, म्हणजे बाबा, कराडच्या एस.टी. डेपोत कंट्रोलर होते. वेळापत्रकाचा कागद पाहून ते खूश झाले. "पहिल्या दिवशी नारिता विमानतळ ते घर, एवढंच का लिहिलंय? बस किती वाजता ते लिही," म्हणाले.

बॅगांचं वजनही ठरलेलं. सासूबाईंच्या बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, सांडगे, कुरडया, डिंक, अळीव, आणि तळाशी साडीत गुंडाळलेली पुरणयंत्राची जाळी. आंबा मात्र येत नसे. भारतीय हापूसवरची जपानची बंदी 2006 साली उठली, पण ती वाफेची प्रक्रिया करून, तपासून येणाऱ्या व्यापारी मालापुरती. पिशवीतल्या दोन डझनांना नारिताबाहेर वाट नव्हती. मग डबाबंद रसावर अक्षयतृतीया व्हायची.

खरी गंमत पुढे, इथल्या बाजारात. निशिकासाईत भारतीय वाण्याची दुकानं होती, पण सासूबाईंचा ओढा जपानी भाजीवाल्याकडे. हातभर लांबीचा दाइकोन पाहून त्यांनी मुळ्याची किती कोशिंबीर होईल याचा हिशोब केला. सातोइमो उकडून सोलला आणि जाहीर केलं, "या अळकुड्याच." इथला तांदूळ चिकट म्हणून आम्ही नाकं मुरडायचो. त्यांना तो इंद्रायणीच्या जवळचा वाटला आणि आमचं बासमतीचं खूळ त्यांनी मोडीत काढलं. मोदकाची उकड जोशिन्को या जपानी तांदूळपिठाची चांगली होते, हे वसाहतीत कोणी पहिल्यांदा शोधलं यावर अजून वाद आहे. प्रत्येक घरात ते श्रेय आपापल्या आईला दिलं जातं. बाहेर खायचं झालं की तेवढी पंचाईत. वरून शाकाहारी दिसणाऱ्या सोबा नूडल्सच्या रश्श्यातही वाळवलेल्या माशाचा अर्क असायचा. म्हणून सहलीला डबा आलाच. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, लसणाची चटणी, आणि वर दुकानातली उमेबोशी भरलेली भाताची ओनिगिरी. उमेबोशीचं ते आंबटखारट फळ त्यांना आपल्या लोणच्याच्या नात्यातलं वाटायचं.

सहलींचा क्रम सगळ्या घरांत जवळपास सारखा असे. पहिला आठवडा ग्योसेन पार्क. तिथलं छोटं प्राणिसंग्रहालय फुकट, पाळणाघरातून नातवंड आणलं की आजी-आजोबा परस्पर तिकडे वळायचे. मग कासाई रिन्काई पार्क. तिथल्या मत्स्यालयात ट्यूना मासे गोल टाकीत न थांबता फिरत असतात. त्यांच्यापुढे बाबा अर्धा तास उभे राहिले आणि "यांना थांबा नाही?" एवढंच म्हणाले. शेजारी 117 मीटर उंचीचा आकाशपाळणा. त्याच्या टोकावरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डिस्नेलँड आणि थंडीतल्या स्वच्छ सकाळी फुजी. डिस्नेलँडचं तिकीट ऐकून हबकलेल्या कितीतरी आजोबांनी ते या पाळण्यातूनच बघून घेतलं. घरी फोनवर मात्र "डिस्नेलँड पाहिलं" असंच कळवलं.

बाबांचं खरं तीर्थक्षेत्र निशिकासाईच्या पुढच्याच स्टेशनावर, कासाईला. तिथे रेल्वेच्या पुलाखाली भुयारी रेल्वेचं संग्रहालय आहे. आसाकुसा ते उएनो ही जपानची पहिली भुयारी गाडी 1927 साली सुरू झाली. तिचा पिवळा डबा तिथे ठेवलेला आहे. गाडी चालवण्याच्या यंत्रासमोर मुलांची रांग लागायची आणि त्या रांगेत बाबाही नातीचा हात धरून उभे. प्रत्यक्ष स्टेशनावर गार्ड बोट दाखवून मोठ्याने खात्री करून घेतो आणि मगच गाडी सोडतो, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून हेरलं होतं. एकदा तोझाई लाइनला उशीर झाला. स्टेशनवाल्यांनी उतारूंना उशिराच्या दाखल्याच्या चिठ्ठ्या वाटल्या. बाबांना ऑफिस नव्हतं, तरी त्यांनी रांग लावून एक घेतली. गावी परतल्यावर डेपोतल्या जुन्या मित्रांना त्यांनी फुजीच्या फोटोआधी ती चिठ्ठी दाखवली म्हणे.

सासूबाईंचं देवदर्शन आसाकुसाला. सेन्सोजी देवळातली गर्दी त्यांना भावली, पण त्याहून जवळची झाली ती सुमिदा नदीकाठच्या टेकाडावरची मात्सुचियामा शोदेन. तिथला कांगितेन म्हणजे आपला गणपतीच. मूर्ती गुप्त असते, दर्शन होत नाही. आणि त्याला दूर्वा नव्हे, मुळा वाहतात. देवळातच पांढरेशुभ्र दाइकोन विकत मिळतात. आधी त्या बिचकल्या. मग पुढच्या जपानी बाईंचं बघून दोन्ही हातांत मुळा धरून तो ठेवला. प्रसाद म्हणूनही मुळाच हाती आला. संध्याकाळी त्याचीच भाजी झाली आणि जेवायच्या आधी आरती. पुढे वसाहतीतल्या प्रत्येक नव्या आजीला तिथे न्यायची जबाबदारी आमच्या घराकडे आली.

कामाकुराला कांस्याचा अकरा मीटरहून उंच बुद्ध उघड्यावर बसलेला आहे. त्याच्या पोकळ पोटात वीस येन देऊन जाता यायचं. तिथल्या काळोखात नागपूरच्या शेजारीणकाकूंच्या वडिलांनी मोठ्याने बुद्धवंदना म्हटली. दीक्षाभूमीवर दरवर्षी जाणारा माणूस तो. बाहेर आल्यावर बराच वेळ कोणाशी बोलले नाहीत, आणि परतीच्या गाडीत मात्र त्यांचं बोलणं थांबेना.

पण या माणसांना नुसते पाहुणे म्हणणं खोटं ठरेल. बहुतेक आया आल्या त्या बाळंतपणासाठी. इथे गरोदरपणाची नोंद झाली की वॉर्डाकडून 'बोशी तेच्यो' ही माय-लेकराची वही मिळते. तिच्यात सगळं लिहिलं जातं, पण पाठीला शेक कोणी द्यायचा ते नसतं. ओव्याची धुरी दिली की धुराचा अलार्म वाजणार, म्हणून तव्यावर ओवा गरम करून पुरचुंडीचा शेक. इस्पितळातून निघताना बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत घालून हाती देतात. माझ्या आईला ते पटेना. नाळ पुरायची असते, डबीत कसली ठेवायची? शेवटी ती डबी देवाऱ्याच्या खणात गेली आणि अजून तिथेच आहे.

या बायका घरात बसून राहिल्या नाहीत. सकाळी साडेसहाला रेडिओवर व्यायामाचा कार्यक्रम लागतो, 1928 साली सुरू झालेला. पार्कात म्हातारी मंडळी त्या सुरावर हात हलवत असतात. सासूबाई नऊवारी सावरत त्या रांगेत शेवटी उभ्या राहायला लागल्या. तिथेच त्यांची आमच्या वरच्या मजल्यावरच्या जपानी आजींशी मैत्री झाली. एकीला मराठी, दुसरीला जपानी. वाटीतून काही वर गेलं की तीच वाटी भरून खाली यायची. पितृपक्षात बाबांनी गॅलरीत कावळ्याला घास ठेवला. टोकियोचे कावळे केवढाले, ते कचऱ्याच्या जाळीखालचंसुद्धा ओढून काढतात. एका घासाला सातआठ जमले आणि दुसऱ्या दिवशी खाली सूचनाफलकावर विनंतीवजा कागद लागला. वरच्या आजींनीच खुणांनी त्याचा अर्थ समजावला.

त्या मैत्रीचा उपयोग 11 मार्च 2011 ला झाला. दुपारी 2:46 ला भूकंप झाला तेव्हा मी ओतेमाचीत होते आणि घरी तीन वर्षांच्या लेकीसोबत सासूबाई एकट्या. बाबा त्या खेपेला आले नव्हते. फोन लागत नव्हते, गाड्या बंद. हजारो लोकांबरोबर मी चालत निघाले. एइताई पूल, मोन्झेन-नाकाचो, तोयोचो, मग आराकावावरचा कासाई पूल. डोक्यात एकच, घरात काय झालं असेल.

घरात काही झालेलं नव्हतं. सासूबाई पाटणच्या. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. जमीन हलायला लागल्याबरोबर त्यांनी दार उघडून पायरीचा दगड अडकवावा तसा त्यात लोखंडी खलबत्ता अडकवला, म्हणजे चौकट फिरली तरी दार बसू नये. लेकीला जेवणाच्या टेबलाखाली घेतलं आणि हादरे थांबेपर्यंत तिला खंडोबाच्या गोष्टी सांगितल्या. नंतर गॅस लागेना, तेव्हा मात्र घाबरल्या. मोठा हादरा बसला की इथला मीटर आपोआप गॅस तोडतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वरच्या आजी जिना उतरून आल्या, मीटरचं बटण दाबून दाखवलं, तीन बोटं वर करून तीन मिनिटं थांबायला लावलं. मी पोचले तेव्हा दोघी पिठलं-भात खात होत्या आणि लेक आजींच्या मांडीवर झोपली होती.

पुढचे दिवस वाईट होते. 23 मार्चला टोकियोच्या नळाच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन आढळल्याची बातमी आली, आणि तान्ह्या मुलांना ते देऊ नका असं सांगण्यात आलं. शेजारच्या बाळासाठी वॉर्डाने पाण्याच्या बाटल्या दिल्या. नारितावर परतणाऱ्यांच्या रांगा लागल्या. बँकेच्या कामामुळे आमच्या घरातलं एक माणूस मागे राहिलं, आम्ही तिघी पाटणला गेलो. महिन्याभराने मी लेकीला घेऊन परतले. निघताना सासूबाईंनी वरच्या आजींसाठी मेतकुटाची पुडी वेगळी बांधून दिली. "ओळखायची नाही, पण खाईल," म्हणाल्या.

आता यातली बरीच माणसं नाहीत. जी आहेत त्यांना एवढा लांबचा विमानप्रवास झेपत नाही. वसाहतीत नवी जोडपी आली आहेत. त्यांचे आईवडील रोज पडद्यावर नातवंडं पाहतात, म्हणून येणं थोडं कमी झालं आहे. वाण्याकडे आता मेतकूटही मिळतं आणि तयार पुरणही. पाळणाघरातून ताप आल्याचा फोन आला, तर धावत जायला कोण, हा प्रश्न तेवढा जुनाच आहे. आमच्या वेळी त्याचं उत्तर सातासमुद्रापलीकडून, गुडघे दुखत असताना, आयुष्यातल्या पहिल्या विमानात बसून यायचं. आभार मानायची आमच्यात पद्धत नाही, आणि तेव्हा फुरसतही नव्हती. आम्ही त्यांना गाडीचे डबे, घाट, पाळणे दाखवत राहिलो आणि वाटत राहिलं की आपण त्यांना जपान दाखवतोय.

गेल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या सोलापूरच्या मुलीचं पहिलं बाळंतपण झालं. तिच्या आईचे नव्वद दिवस भरले, आई गेली. एक्याण्णवाव्या दिवसापासून आम्ही जिन्यातल्या बायकांनी आठवडा वाटून घेतला. सोमवार-मंगळवार बाळाची आंघोळ माझ्याकडे, बुधवारचा डबा नागपूरच्या काकूंचा. बुधवारी बाळंतिणीला तिखट जरा जास्त होतं, पण पोर बाळसं धरतंय.