नाकाने खायचा भात

२०२१च्या एप्रिलमध्ये कोरोनाने माझं नाक नेलं. ताप चार दिवसांत उतरला, वास मात्र गेला तो गेलाच. आई फोडणी द्यायची तेव्हा मला फक्त तडतड ऐकू यायची. मिरचीचा ठसका लागायचा, कारण तिखटपणा वासाच्या नसेने जातच नाही, त्याची वाट वेगळी. त्यामुळे जेवण म्हणजे मीठ, आंबट आणि आग.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकी सगळं नाक करतं. घास चावताना त्याचा वास घशामागून वर चढतो आणि मेंदू तो जिभेच्या नावावर जमा करतो. खोटं वाटत असेल तर नाक दाबून बडीशेप चावा. गोडसर भुसा लागेल. मग नाक सोडा.

आम्ही भंडाऱ्याची माणसं, दोन्ही वेळ भात. (शेतात असतं ते धान, ताटात येतो तो भात. पुण्याच्या मैत्रिणींना हे दरवेळी समजावते.) आणि भातात जिभेसाठी फार काही नसतंच. भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या चिन्नोरचं मोठेपण सगळं सुगंधात. तो देणारा मुख्य रेणू २-ॲसिटिल-१-पायरोलिन. बासमतीत तोच, पॉपकॉर्नमध्येही तोच.

बाबा एका बांधीत चिन्नोर लावतात. उशिरा निसवतो, उंच होऊन लोळतो, उतारा कमी. पऱ्हे टाकायच्या आधी भाऊ दरवर्षी म्हणतो, बंद करा. माझं मत नेहमी चिन्नोरला. त्या वर्षी आईने चिन्नोर आणि राशनचा तांदूळ वेगवेगळा शिजवून माझ्यापुढे ठेवला. दोन्ही मऊ, गरम, सारखेच.

“का वाटते?” बाबांनी विचारलं. मी गप्प.

आईच बोलली, “हिचं नाक परत येईल तेव्हा घरात चिन्नोर पायजे ना.”

लावला.

जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी २००९मध्ये एक साधा उपाय मांडला होता: गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग, रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायचं. मी महिनोन् महिने हुंगलं. हळूहळू काही आलं, तेही वाकडंतिकडं. कांदा अजून जळका येतो. सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, साबणासारखा.

भाऊ आता परीक्षा घेतो. डोळे मिटायचे, दोन वाट्या, चिन्नोर ओळखायचा. परवा चारपैकी तीनदा बरोबर आलं. तो चौथ्याचंच सांगत फिरतोय. पऱ्हे टाकायला अजून महिना आहे.