अम्मींची थैली

उमऱ्याला निघालो तेव्हा आर्णी ते नागपूर अम्मींनी मांडीवरची कापडी थैली सोडली नाही. कापसाच्या दोन हंगामांतली बचत होती ती. आपल्या नोटा माणशी 25,000 रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात, म्हणून काही रकमेचे रियाल इथेच करून घेतले होते, काही कार्डावर ठेवली होती.

आजोबांच्या पिढीचे वेगळे होते. 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने हाजींसाठी 10 आणि 100 रुपयांच्या खास नोटा काढल्या, त्यांवर ‘हज’ छापलेले असे.

मक्केत पहिल्याच संध्याकाळी आम्ही चुकलो. दुकानात कार्ड लावले, यंत्राने विचारले, रुपये की रियाल? आपले रुपये पाहून बरे वाटले, तेच दाबले. खोलीवर हिशेब मांडला तर बँकेच्या दरापेक्षा बरेच जास्त गेले होते. रुपये निवडले की बदलाचा दर तिथली यंत्रवाली कंपनी ठरवते, वर आपला नफा लावते. तिथले चलन निवडले तर दर आपल्या कार्डाचा. हे निघण्याआधी बँकेतही कोणी सांगितले नव्हते, आणि खरे तर आम्हीही विचारले नव्हते.

मग पैसे वाटून ठेवले. पासपोर्ट आणि जास्तीचे रियाल खोलीतल्या कपाटात कुलपात, एक कार्ड अब्बूंकडे, दुसरे आमच्याकडे. तवाफच्या गर्दीत जाताना थैलीत फक्त त्या दिवसाचा खर्च.

परतीच्या आदल्या दिवशी खजूर घेताना अम्मींनी चष्मा लावून यंत्र स्वतःकडे ओढले आणि ‘रियाल’वर बोट ठेवले.