मागची सतरंजी

१९७३ साली आमच्या आजीला चर्चनं प्रभुभोजनातून वगळलं. गुन्हा एवढाच, की घरात क्रुसाशेजारी बाबासाहेबांचा फोटो होता आणि १४ एप्रिलला ती जयंतीच्या मिरवणुकीत चालली होती.

आमचं गाव मिरजेच्या पूर्वेला, कोरडवाहू. महारवाड्यात ख्रिस्ती घरं दोनच. बाकीचा वाडा १९५६ नंतर बौद्ध झाला. आजी त्याच्या कितीतरी आधी येशूकडं गेलेली, तीही प्रवचन ऐकून नव्हे. बाळंतपणात ताप चढला म्हणून तिला बैलगाडीतून मिरजेच्या मिशन दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली उभा केलेला दवाखाना. तिथल्या बाईनं तिचं मनगट धरून नाडी बघितली. आजी सांगायची, "आमची सावली पडली तर आंगूळ करनारी मानसं बगितलेली मी. आन हितं ती बाई माजं आंग पुसत हुती." तेवढ्यावर तिचा विश्वास बसला, तो शेवटपर्यंत हलला नाही.

पहिला सामना गावाशी झाला. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या. पुजारी आणि कारभारी चावडीवर बसले. महारवाड्यानं मरीआईचा गाडा ओढायचं सोडलं म्हणून देवी कोपली, असा निकाल झाला. बौद्ध घरांनी ठाम नकार दिला. मग त्यांना आमचं घर दिसलं. तुम्ही तर बौद्ध नाही, मग नारळ फोडायला काय जातंय?

आजीनं पदर सावरला आणि म्हणाली, "पाटील, पानी मलाबी पायजे. हिरीतला गाळ काढायला माजी दोन्ही पोरं देते. नारळ न्हाई फोडनार."

तीन आठवडे गिरणीवर आमचं दळण बंद. आजी जात्यावर दळायची. पण बोलल्याप्रमाणं तिनं माझ्या बाला आणि चुलत्याला गाळ काढायला पाठवलं. त्या विहिरीचं पाणी आम्हाला वरून वाढलं जायचं. गाळ उपसायला मात्र आमचे हात चालत होते. मी सतरा वर्षांचा. मला भयंकर चीड आली. आजीला म्हटलं, आपलं दळण तोडणाऱ्यांचा गाळ आपण का काढायचा? ती म्हणाली, "गाळ त्यांचा न्हाई, हिरीचा हाय."

दुसरा सामना आपल्याच माणसांशी. तो जास्त बोचला. शहरातले पाळक दोन वडिलांना घेऊन आले. घोंगडीवर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "फोटो काढा. एका भिंतीवर दोन देव चालत नाहीत."

"साहेब, त्यो देव न्हवं," आजी म्हणाली. "देव ह्योच. पन ह्यानं मला उठीवलं, आन त्यानं मला उभं ऱ्हायला शिकीवलं. कुनाला काढू?"

पाळक उठून गेले. त्यानंतर महिन्याच्या प्रभुभोजनाला आजी चार कोस चालत जायची, मागच्या सतरंजीवर बसायची. भाकर आणि प्याला तिच्यापाशी यायचा आणि पुढं जायचा. ती मान खाली घालून प्रार्थना करायची आणि चालत परत यायची. मी चर्चला जाणंच सोडलं.

तेव्हा मी साताऱ्यात कॉलेजला होतो. तिथं रेव्हरंड टिळकांची गोष्ट कळली. ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. जात तुटली, नातं तुटलं. पुढं १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि याच साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. येशूच्या मागं येणाऱ्याला तिथं दार उघडं होतं, मग बाप्तिस्मा झालेला असो नसो. दोन वर्षांत, १९१९ साली, ते वारले. मला वाटलं, हे आजीला सांगायलाच पाहिजे. तीही सोडील चर्च.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "चांगला मानूस. पन त्येला सोडायला पगार हुता, जात हुती. माज्यापाशी सोडायला काय हाय? मी हितंच बसनार. मला उटवायला येशूच यायला पायजे."

१९७४ च्या उन्हाळ्यात पाळकांची बदली झाली. आजी त्यांच्याकडं पायलीभर भाजक्या शेंगा घेऊन गेली. "वाटंत खावा साहेब, पोरं भुकेजतील." त्यांनी पिशवी घेतली. बोलले काही नाहीत. नव्या पाळकांनी काही न विचारता आजीच्या हातात प्याला दिला. फोटो भिंतीवरच होता. आजी गेली तेव्हा बौद्धवाड्यातल्या माणसांनीच खड्डा खणला.

गावाच्या लेखी आम्ही अजून महारच आहोत. सरकारच्या लेखी नाही. १९५० च्या आदेशानं अनुसूचित जातीची सवलत धर्माला बांधली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ती मिळाली. ख्रिस्ती दलिताला अजून नाही. दाखला मागायला गेलं की कारकून विचारतो, ख्रिस्त्याला कुठली जात? त्यानं आमच्या गावात येऊन बघावं.

माझा राग काही गेलेला नाही. जायलाही नको. पण ज्यानं ताटावरनं उठवलं त्याच्या पोरांच्या भुकेची काळजी करायची, एवढं मोठं काळीज माझं नाही. आजीचं होतं. पुजारी असो की पाळक, ती कुणापुढं वाकली नाही आणि कुणाचं वाईटही चिंतलं नाही. आता मी परत चर्चला जातो. मागच्या सतरंजीवर बसतो. घरी भिंतीवर क्रूस आहे. शेजारी बाबासाहेब आहेत.