कळशी उचलायची नाही

"दोन किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. सहा आठवडे." डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी हे लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. एक रेघ माझ्यासाठी आणि दुसरी बहुधा माझ्या आईसाठी.

आता दोन किलो म्हणजे नेमकं किती? पंचवीस वर्षं संसार करून मला हे माहीत नव्हतं. बाई कधी वजन करून उचलते का? समोर येतं ते उचलते. मग पलंगावर पडल्या पडल्या हाच उद्योग सुरू केला. पाण्याने भरलेली दोन लिटरची बाटली म्हणजे दोन किलो, संपला विषय. भरलेला कुकर त्याच्या वर गेला. भरलेली कळशी दहा-बारा किलो. पिळून ठेवलेल्या चादरींची बादली तशीच. आणि घरचा भरलेला सिलिंडर? आत गॅस १४.२ किलो आणि वरून लोखंड साधारण तेवढंच, म्हणजे तीस किलोच्या आसपास. तो मी आजवर कितीदा स्वयंपाकघरात सरकवत नेला असेल, देव जाणे.

तर मंडळी, मागच्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझी पिशवी काढली. गर्भाशय, हिस्टरेक्टॉमी वगैरे शब्द कागदावर. आपल्याकडे बायका "पिशवी काढली" असंच म्हणतात, जणू बाजारातून आल्यावर खुंटीला अडकवलेली कापडी पिशवी. वय ४६. फायब्रॉइडच्या गाठी, दोन वर्षं गोळ्या, तरी अंगावरून जाणं थांबेना आणि हिमोग्लोबिन साडेसातवर आलेलं. गाठी मोठ्या असल्यामुळे पोटावर टाका घेऊनच ऑपरेशन झालं. अंडाशयं ठेवली. दोन डॉक्टरांचं मत घेतलं, महिनाभर विचार केला, तारीख आम्ही ठरवली. हे मुद्दाम सांगतेय, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सासर साताऱ्याचं, माहेर सांगलीचं. विश्रांतीसाठी आईकडे गावभागात राहायचं ठरलं. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सिस्टरनी "काकू, उठा, चालायचंय" म्हणून उभं केलं. डोळ्यांसमोर काजवे! पण पडून राहिलं की पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते, म्हणून चालायला लावतात. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातांवर भार देऊन बसायचं. खोकला आला की पोटाशी उशी दाबून धरायची. शी करताना कुंथायचं नाही. एवढं शिक्षण चार दिवसांत झालं.

घरी आल्यावर सल्ले सुरू. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाळंतिणीसारखं सव्वा महिना खाटेवरून उतरू नकोस. मावशी म्हणाली, रोज दोन मैल चाल. आईने दोघींचं ऐकलं आणि डिंकाचे लाडू केले. मी डॉक्टरांचं ऐकायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात खोली ते ओटा, पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. दुसऱ्या आठवड्यात गणपती मंदिरापर्यंत. माहेरी असताना ज्या रस्त्याने मी सायकलवरून शाळेत उडत जायचे, तिथे दर विजेच्या खांबाशी थांबत होते. आई बरोबर असायची. बहात्तर वर्षांची आई माझ्यासाठी थांबतेय, हे बघून हसू यायचं, आणि हसलं की टाका दुखायचा.

तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, झालं की आपलं! वरचा टाका सुकला होता, भूक लागत होती. एका सकाळी आई देवपूजेत होती आणि मागच्या नळाला पाणी आलं. अर्ध्या तासात जाणार. मी कळशी भरली, उचलली आणि स्वयंपाकघरात आणून ठेवली. काही झालं नाही. दुपारी मात्र ओटीपोटात जड वाटायला लागलं आणि संध्याकाळी पुन्हा रक्ताचे डाग. हातपाय गार पडले. डॉक्टरांना फोन केला. जास्त नाहीये, दोन दिवस पडून राहा, वाढलं तर लगेच या, म्हणाल्या. मग त्यांनी शांतपणे समजावलं. वरचा टाका दिसतो म्हणून आपण त्याच्याकडे बघतो. आत, पिशवी काढली त्या जागी योनीचं वरचं टोक शिवलेलं असतं, ते भरायला सहा आठवड्यांपासून बारा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. आपण वजन उचलतो तेव्हा पोटातला दाब खाली ढकलला जातो आणि तो नेमका त्याच शिवणीवर आणि खालच्या स्नायूंवर येतो. हे स्नायू सैल पडले तर पुढे अंग बाहेर येण्याचा त्रास होऊ शकतो. म्हणून कळशी नको आणि रोज व्यायाम हवा: लघवी अडवून धरल्यासारखे आतले स्नायू आवळायचे, पाच मोजायचे, सोडायचे. कुणाला दिसत नाही, कुठेही बसून करता येतो.

आई मात्र माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आणि त्या दिवसापासून माझ्या आधी उठून पाणी भरायला लागली. आता हे काय बरं झालं? माझं ओझं तिने उचललं, एवढंच.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी आयर्विन पुलावर गेले. १९२९ सालचा तो पूल. मध्यापर्यंत चालले, कृष्णा बघितली, परत आले. फार काही नाही, पण त्या दिवशी मी घरी येऊन पेढे मागवले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्याला निघालो. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये छोटी उशी ठेवून बसले. प्रत्येक गतिरोधकाला नवरा "आला हं" म्हणून आधी सूचना द्यायचा. हंगाम भरात होता, उसाने लादलेले ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे तांडे रस्त्यावर. पेठ नाक्याला हायवेला लागलो आणि कराडच्या अलीकडे चहाला थांबलो. शेजारीच ऊसतोड चालली होती. पुरुष कोयत्याने तोडत होते, बायका मोळ्या बांधून डोक्यावर घेत होत्या आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढून वर टाकत होत्या. एका मोळीचं वजन तीस-चाळीस किलो भरतं. म्हणजे भरलेला सिलिंडर. डोक्यावर. फळीवरून.

मी गाडीतून उतरून, पोटाला हात लावून, दोन पावलं चालले असेन. पाण्याची कळशी भरायला आलेली एक बाई माझ्याकडे बघत होती. तिशीच्या फार पुढे नसावी.

"ताई, पिशवी काढली का?"

मी चमकले. "हो. तुम्हाला कसं कळलं?"

"चालीवरनं. माझी पण काढली. आमच्या टोळीत पाच जणींची काढलीय."

बीडकडची होती. दसऱ्याच्या आधी ऑपरेशन, दिवाळी झाली आणि टोळीबरोबर गाडीत बसून इकडे. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती नवरा-बायको दोघांच्या नावावर. दोघं मिळून एक कोयता. एकाने बसून चालत नाही, खाडा झाला की दंड. मी विचारलं, मग एवढं उचलता कसं? ती म्हणाली, "पहिले आठ-पंधरा दिवस लहान मोळ्या बांधल्या. खेपा जास्त होतात, पण पोटाला जरा बरं. पोटाला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधायची." मग मलाच म्हणाली, "उठताना कुशीवर वळून उठत जा ताई. आन् उभं नका राहू, बसून घ्या." तिने कळशी भरली, चुंबळ ठेवली, डोक्यावर घेतली आणि गेली.

चहा तसाच गार झाला.

ही गोष्ट माझ्या कानावर नव्हती असं नाही. २०१९ मध्ये पेपरात खूप आलं होतं. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहांत एक. पाळीच्या दिवसांत फडात ना संडास ना पाणी, दुखणं काढलं तर खाडा, आणि "काढली नाहीस तर कॅन्सर होईल" अशी घातलेली भीती. त्याच वर्षी बीडमध्ये खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही विनाकारण होणाऱ्या या ऑपरेशनांबद्दल सगळ्या राज्यांना निर्देश दिले. हे सगळं मी तेव्हा हळहळत वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. त्या बाईची पिशवी काढायची गरज होती की नव्हती, मी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. मला डॉक्टरांनी कागदावर जे लिहून दिलं, ते तिला तिच्या अंगानेच सांगितलं होतं. हळूहळू वाढवायचं. फक्त माझ्या हळूहळूमध्ये आई होती, नवरा होता, पगारी रजा होती. तिच्या हळूहळूमध्ये एवढंच होतं की मोळी जरा लहान बांधायची.

असो. साताऱ्याला आले. सहाव्या आठवड्याला तपासणी झाली, सगळं ठीक. मग अजिंक्यतारा. ऑपरेशनच्या आधी आमचा चार जणींचा ग्रुप आठवड्यातून तीनदा किल्ल्यावर जायचा. आता मी एकटीच, माझ्या वेगाने. सातव्या आठवड्यात चार भिंतीपर्यंत. मग रस्त्याने एक वळण, पुढच्या आठवड्यात दोन. धाप लागली की थांबायचं, खाली जड वाटलं की त्या दिवशी तिथूनच मागे. पहाटे हाफ मॅरेथॉनच्या सरावाची मुलं शेजारून पळत जायची, "चला काकू!" म्हणत. मी चलत होतेच की.

मार्चमध्ये एका रविवारी वर पोचले. नवरा बरोबर होता. दरवाजातून आत जाऊन दगडावर बसलो. सारं सातारा खाली, समोर यवतेश्वर. मला वाटलं होतं रडू येईल, पण भूक लागली. हंगाम संपत आला होता, टोळ्या गावाकडे निघाल्या असतील. तीही निघाली असेल. नाव विचारायचं राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या नळाला पाणी आलं. नवरा उठायला लागला, म्हटलं, झोप तू. कळशी नळाखाली धरली, अर्धी भरली आणि वर नेली. मग पुन्हा खाली आले आणि अर्धी भरून नेली.