आपली बाभळ कोणती?

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला शिरूर कासार हे तालुक्याचं गाव आहे. पाटोद्याकडच्या डोंगरात उगम पावलेली सिंदफणा नदी इथून वाहत जाते आणि पुढे गोदावरीला मिळते. आमचा भाग कमी पावसाचा. त्यामुळे नदीकाठ असो, शेताचा बांध असो की रस्त्याची कड असो, काटेरी झाड उभंच! तुम्ही म्हणाल, "गुरुजी, त्यात ओळखायचं काय? काटा टोचला की बाभळ!" मलाही तसंच वाटायचं. त्यामुळेच एकदा माझी चांगली फजिती झाली.

पावसाळ्याचे दिवस होते. शाळेच्या कुंपणाला येडी बाभळ माजली होती. "काटेरी रोप दिसलं की उपटा," मी मुलांना सांगून टाकलं. मुलांनी ढीग घातला. तेवढ्यात शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा थांबले. ढिगातली पाच-सहा रोपं बाजूला काढून म्हणाले, "गुरुजी, ही तर आपली गावठी बाभळ हाय. हिला कशापायी उपटली?"

मी गप्प! मुलं माझ्याकडे बघत होती. शेवटी मीच विचारलं, "बाबा, तुम्ही कशी ओळखली?"

"पान बघा की," म्हणत त्यांनी दोन्ही रोपं शेजारी ठेवली.

गावठी बाभळीचं पान पिसासारखं असतं. मधल्या देठाला पिसांच्या तीन ते सहा जोड्या, आणि त्यांवरची पानं जिऱ्याच्या दाण्याएवढी बारीक. येडीच्या पानाला मात्र पिसांच्या एक-दोनच जोड्या आणि त्यांवरची पानं बोटाच्या नखाएवढी लांब. गावठीचे काटे सरळ, पांढरेशुभ्र आणि जोडीजोडीनं येतात.

पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही मोठी झाडं बघायला नदीवर गेलो. तिथं तर ओळख आणखी सोपी झाली. गावठी बाभळीचं खोड काळपट, उभ्या भेगा पडलेलं. फूल म्हणजे पिवळाधमक गोल गोंडा. खरं तर तो एक गोंडा म्हणजे पुष्कळ बारीक फुलांचा झुपका. येडीची फुलं मात्र लांबट तुऱ्यात लोंबतात. शेंगांचं म्हणाल तर गावठीची शेंग राखाडी आणि दोन बियांमध्ये आवळलेली, जणू मण्यांची माळच! येडीची शेंग लांब, पिकली की पिवळसर. तिला असे मणी दिसत नाहीत. आणि खोड फिकट पांढुरकं, फुलं दुधी रंगाची दिसली, तर तो हिवर. तो बाभळीचाच भाऊबंद.

येडी बाभळ मूळची अमेरिका खंडातली. एकोणिसाव्या शतकात ती भारतात आणली गेली. तिच्या गोड शेंगा जनावरं खातात आणि शेणा-लेंड्यांतून बी सगळीकडे पसरतं. तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. तिचं सरपण चांगलं होतं. पण तिची दाटी झाली की दुसऱ्या झाडांना जागा उरत नाही. गावठी बाभळीनं मात्र आपल्या शेतकऱ्याला बैलगाडीची चाकं दिली, नांगर दिला, डिंक दिला, दातवण दिलं. शेळ्यांना पाला आणि शेंगा दिल्या.

आजोबांनी वेगळी काढलेली रोपं आम्ही पुन्हा लावली. एकही जगलं नाही. मुळं तुटलेली होती ना! पुढच्या पावसाळ्यात कुंपणाशी एक नवं काटेरी रोप उगवलं. मी काही बोलायच्या आतच मुलं खाली बसली आणि पिसांच्या जोड्या मोजू लागली. "चार! गुरुजी, आपलीच हाय!" मग त्यांनी भोवती दगड रचले.

तुम्हीही या सुट्टीत आईबाबांना घेऊन बाहेर पडा. फांदी मात्र तोडू नका, खाली पडलेली शेंग उचला. आणि कुणी "काटेरी झाड आहे, तोडून टाका" म्हणालं, तर आधी त्याला पान मोजायला सांगा. सांगाल ना?