पाणी बेतानं

पोहे बिघडले की आपण पोह्यांना दोष देतो, भात गिच्च झाला की तांदळाला, आणि डाळ शिजली नाही की वाण्याला. मी तिन्ही केलं आहे. वाण्याशी तर त्याच्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर भांडलो आहे. आज माझ्या स्वयंपाकातल्या चुका मांडायला बसलो, तर मीठ-तिखटाच्या किरकोळ निघतात. ते चुकलं तर निदान चाखून कळतं तरी. बाकी बहुतेक सगळा घोळ पाण्याचा आहे: किती, कधी, गार की कढत, आणि कुठलं.

पंचेचाळिशीपर्यंत चहा आणि ऑम्लेट यांपलीकडे माझी मजल गेली नव्हती. मग बदली झाली मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. बायकोची नोकरी आणि मुलीची दहावी पुण्यात, म्हणून त्या दोघी तिथेच राहिल्या आणि आई माझ्याबरोबर आली. तिचे गुडघे ओट्याशी उभं राहू देत नव्हते. ती खुर्चीवर बसून सांगणार आणि मी करणार, असं ठरलं. ठरवायला सोपं होतं. आई म्हणायची, "बेतानं पाणी घाल." बेतानं म्हणजे किती, असं विचारलं की म्हणायची, "दिसतं की रे डोळ्याला." तिच्या डोळ्याला दिसायचं, माझ्या नाही.

पहिला हिसका डाळीनं दिला. तूरडाळ धुवायची, हळद, हिंग आणि थेंबभर तेल घालायचं, वाटीभर डाळीला अडीच-तीन वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, मग बारीक गॅसवर दहा मिनिटं. पुण्याच्या घरी याच कृतीनं डाळ मेण होते. इथे कुकर उघडला तर डाळ तळाशी, वर पिवळं पाणी, आणि दाणा बोटांत चेपला तर कच्च. मी शिट्ट्या वाढवल्या. पाच केल्या, सात केल्या. गॅस सिलिंडर वेळेआधी संपला, डाळ काही घोटली जाईना. मग मी वाण्याकडे गेलो आणि "जुनी डाळ गळ्यात मारलीत" म्हणून आवाज चढवला. तो काही न बोलता दुसऱ्या पोत्यातली, किलोला बरीच महाग असलेली डाळ देऊन मोकळा झाला. तीही शिजली नाही.

नंतर कुणीतरी खायचा सोडा सुचवला. सोड्यानं डाळ शिजते, यात वाद नाही. पण वरणाला साबणासारखी चव यायला लागली, म्हणून मी फोडणीत लसूण वाढवला आणि तसंच रेटलं. पुढे वाचनात आलं की सोड्यामुळे डाळीतलं बी-१ जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. आईच्या औषधांच्या डब्यात बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होत्या. सकाळी मी तिला गोळी द्यायचो आणि दुपारी वरणातलं तेच जीवनसत्त्व मारायचो.

हे सगळं सुटलं ते घरमालकीणकाकू एकदा शेंगदाण्याची चटणी द्यायला आल्या तेव्हा. कुकरभोवतीची माझी खटपट बघून त्यांनी एकच विचारलं, "पाणी कुठलं घेता?"

"बोरचं. हापशाचं नाही, मोटर लावून टाकीत चढवतो ते."

"मग कशी शिजंल? बोरच्या पाण्यात डाळ शिजत नसती, साहेब. नळ आला की डाळीसाठी एक घागर येगळी भरून ठेवा."

गावातल्या प्रत्येक घरात ती घागर होती. मी विचारलंच नव्हतं, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. नळाला पाणी काही दिवसांनी एकदा यायचं, ते मी पिण्यासाठी जपायचो आणि स्वयंपाक बोरच्या पाण्यात करायचो. बोरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिनमुळे, आणि हे क्षार त्या पेक्टिनला आणखी घट्ट करतात. कुकर कितीही शिट्ट्या देवो. आंबटाचंही तसंच. चिंच, आमसूल, टोमॅटो हे आधी घातले तर डाळ शिजायला नाखूश असते. मी मात्र भांडी कमी पडावीत म्हणून टोमॅटो डाळीतच टाकून कुकर लावत होतो. म्हणजे आधीच जड पाणी, त्यात वर आंबट.

नळाच्या पाण्यात, अर्धा तास भिजवून लावलेली पहिल्या पोत्यातलीच डाळ तीन शिट्ट्यांत शिजली. दुकानदाराची माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही. किराणा त्याच्याकडूनच घेत राहिलो आणि तेवढ्यावर भागवलं.

कुकरची आणखी एक गोष्ट सांगतो, जरी सांगताना अजून कानाची पाळी गरम होते. डाळीच्या भांड्यात पाणी मोजून, भाताच्या भांड्यात पाणी मोजून, दोन्ही एकावर एक रचून झाकण लावलं आणि पेपर वाचत बसलो. शिट्टी होईना. मला वाटलं, गॅस बारीक आहे, मोठा केला. मग जळक्या रबराचा वास आला. कुकरच्या तळाशी पाणी घालायचं राहिलं होतं. आत वाफ होणार कशाची? तळ निळा-काळा पडला, रिंग गेली आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळला. तो वितळण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून स्वयंपाकघर शाबूत राहिलं. आई एवढंच म्हणाली, "भांड्यातलं पाणी डाळीचं. कुकरचं त्याला वेगळं द्यावं लागतं."

भाताच्या बाबतीत मात्र मी शास्त्रशुद्ध चुकलो. बायकोनं पाठवलेलं कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' माझ्याजवळ होतं. १९७० साली आलेलं हे पुस्तक मापं वाटी-चमच्यानं देतं, आणि माझ्यासारख्याला ग्रॅमच्या काट्यापेक्षा ते कितीतरी सोयीचं. सोयीचं खरं, पण वाटी एकच धरायची असते हे मला कुणी सांगायला हवं होतं. मी तांदूळ मोजायचो आमटीच्या वाटीनं आणि पाणी मोजायचो चहाच्या कपानं, कारण कप नळाजवळ असायचा. रोज प्रमाण वेगळं, रोज भात वेगळा. आई रोज तो जेवायची आणि म्हणायची, "आज सैल झालाय" किंवा "आज जरा टणक आहे", जशी काही हवामानाची बातमी.

एक वाटी सुधारल्यावर आत्मविश्वास आला, आणि तो नडला. ऑफिसातली मंडळी जेवायला बोलावली. दोन वाट्यांचा भात जमतो, तर सहा वाट्यांना तिप्पट पाणी. तिसरीतलं गणित. मोठ्या पातेल्यात, झाकण ठेवून लावला आणि त्याची लापशी झाली. पाण्याचा एक भाग तांदूळ पितो, दुसरा वाफ होऊन जातो. तांदूळ तिप्पट झाला तर पिण्याचं पाणी तिप्पट लागतं, पण वाफेचं लागत नाही. ती पातेल्याच्या तोंडावर आणि शिजायच्या वेळावर अवलंबून, आणि भात तिप्पट झाला म्हणून काही तो तिप्पट वेळ शिजत नाही. तेव्हा जास्त भाताला दर वाटीमागे पाणी थोडं कमी. त्यात तांदूळही नवा होता, दिवाळीनंतर आलेला. नव्या तांदळाला जुन्यापेक्षा पाणी कमी लागतं, हे तर वाण्यानं देतानाच सांगितलं होतं. त्याचं ऐकायचं नाही हे माझं आधीच ठरलेलं.

पाहुणे दारात असताना मी त्या भातात दही आणि दूध ओतलं, वर मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि सुक्या मिरच्यांची फोडणी दिली आणि दहीभात म्हणून वाढला. एकानं कृती विचारली. मी सांगितलीही, अगदी गंभीरपणे.

साबुदाण्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं, कारण ते उपाशी माणसाच्या पानात पडलं. आषाढी एकादशी होती. मी रात्री साबुदाणा भिजत घातला, छोले घालतात तसा, चार बोटं पाण्यात. सकाळी पातेल्यात पांढरी खळ होती. गाळली, पंचावर पसरली, पंख्याखाली ठेवली. मग कढईत तुपावर जिरं-मिरची घालून परतायला घेतलं तर सगळं कालथ्याला चिकटून एकत्र उचललं जाऊ लागलं. दाण्याचं कूट वाढवलं, बटाटा वाढवला, काही उपयोग नाही. आईनं तो गोळा दह्याबरोबर खाल्ला. दिवसभर तिचं पोट जड राहिलं आणि संध्याकाळी तिनं नुसतं दूध घेतलं.

पुढच्या खेपेला मी घाबरून पाणी इतकं कमी घातलं की दाणे मधे कच्चे राहिले. आईची कवळी होती. तिनं एक दाणा तोंडातून काढून बशीच्या कडेला ठेवला, मग दुसरा, मग तिसरा, आणि खिचडी तशीच पुढे सारली. ती अन्न टाकणारी बाई नव्हती.

साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचं पिष्ट. आपल्याकडे येणारा बराचसा तमिळनाडूतल्या सेलमच्या भागातून येतो. तयार होताना दाण्याचा वरचा थर तापून अर्धवट शिजलेला असतो, म्हणून तो पाणी चटकन ओढतो. त्याला पाण्यात बुडवायचं नाही, ओला ठेवायचा. आता मी दोन-तीनदा धुतो, तेवढ्यानं वरचा भुगा जातो. मग पाणी ओतून टाकतो, दाणे जेमतेम भिजलेले राहतील इतकंच ठेवतो आणि झाकतो. तासाभरानं हातानं मोकळा करतो, कोरडा वाटला तर पाण्याचा एक हबका. चार-पाच तासांनी दाणा अंगठा आणि बोटात चेपायचा. पूर्ण पसरला तर झाला. मधे पांढरा कण टोचला तर अजून हबका आणि अजून अर्धा तास. कूट त्यानंतर, आणि ते साबुदाण्याला कढईबाहेरच लावून घ्यायचं. मीठ-साखरही तेव्हाच.

भाकरीपाशी आई खुर्चीवरून उठलीच. मी ज्वारीचं पीठ कणकेसारखं गार पाण्यात भिजवून ठेवलं होतं, सगळं एकदम. थापायला घेतलं तर कडा फाटून परातभर भेगा. गव्हात ग्लुटेन असतं, ते पीठ धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही. तिथे धरून ठेवण्याचं काम कढत पाणी करतं, पिठातलं पिष्ट थोडं शिजवून. पीठ जुनं असेल तर विरी जाते आणि मग कढत पाणीही पुरत नाही. हे आईनं तोंडानं सांगितलं नाही. तिनं परात माझ्याकडून मागून घेतली, एका भाकरीपुरतं पीठ ओढलं, कढत पाणी घालून आधी चमच्यानं कालवलं आणि मग तळव्याच्या टाचेनं असं रगडलं की गोळ्याची चकाकी बदलली. थापून झाल्यावर पिठाची बाजू वर येईल अशी तव्यावर टाकायला लावली आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरवला. "हे पाणी सुकत आलं की उलटायची. पूर्ण सुकू दिलंस तर तडकेल." मी दोनदा लवकर उलटली, एकदा उशिरा. लवकर उलटलेली तव्याला चिकटली, उशिराची तडकली. फुगली ती चौथी, तीही एकाच बाजूनं. आई म्हणाली, "पापुद्रा सुटलाय, चालेल." त्यानंतर भाकरीच्या पाण्याला तिनं कधी 'बेताचं' म्हटलं नाही, कढत म्हणाली.

बाकीच्या चुका झरझर सांगतो. भेंडी चिरून मग धुतली, कढईत तार सुटली. धुवून, पुसून, मग चिरायची आणि झाकण ठेवायचं नाही. मेथीत पाणी घातलं, जे तिला नकोच असतं, आणि ढीग दिसला म्हणून मीठ ढिगाच्या हिशेबानं घातलं. पाला मूठभर झाल्यावर ती भाजी कुणालाच खाववेना. जाडे पोहे वाडग्यात भिजत ठेवले. ते चाळणीत घेऊन नळाखाली ओले करायचे आणि दहा मिनिटं तसेच सोडायचे. पिठल्याचं बेसन उकळत्या पाण्यात कोरडंच सोडलं आणि गुठळ्या झाल्या, बाहेरून शिजलेल्या, आत कोरडं पीठ. गार पाण्यात आधी कालवून मगच फोडणीच्या उकळत्या पाण्यात ओतायचं, आणि हवं त्यापेक्षा पातळ असतानाच उतरवायचं, कारण पिठलं ताटात घट्ट होतं. घट्ट झालेल्या आमटीत गार पाणी ओतून तशीच वाढणं ही माझी सगळ्यात जास्त वेळा झालेली चूक. पाणी आणि आमटी वेगवेगळी लागतात. पाणी गरम घालायचं आणि पुन्हा एक उकळी आणायची.

बदली संपली. आम्ही पुण्याला परत आलो तेव्हा रोजचा स्वयंपाक मला येत होता आणि सुटीच्या दिवशी ओटा माझ्याकडे आला. आई आता नाही. तिच्या कृती मी मुलीसाठी वहीत उतरवल्या आहेत आणि प्रत्येकीत पाण्याची ओळ साहित्यात सगळ्यात वर लिहिली आहे. तरी मुलीनं परवा फोन करून विचारलंच, "बाबा, हे तुझ्या वाटीनं की माझ्या?" ती बंगळुरूत राहते. तिच्या इमारतीत टँकरचं पाणी येतं, आणि ते कुठलं हे तिला माहीत नाही. तिला म्हटलं, आधी मूठभर डाळ शिजवून बघ, मग वही उघड.

घरच्या कृती लिहून ठेवणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. हळद पाव चमचा आणि हिंग चिमूटभर हे तुम्ही न चुकता लिहिता. तसंच पाणी किती, गार की कढत, आधी की नंतर, झाकण होतं की नव्हतं, तांदूळ नवा होता की जुना, हेही लिहा. 'पाणी आवश्यकतेनुसार' मात्र लिहू नका. आवश्यकता किती, तेच तर आम्हाला विचारायचं असतं.